पाखरांची पात

“ती पात ठेवा गो बायांनो, ती नाय कापाची, ती पाखरांची हाय,” तुझी बायको बांधावरून ओरडत होती आणि ओरडता ओरडता पळत होती. एका हातात चहाची किटली, दुसऱ्या हातात पदर. मागून मी. माझं पळणं तुला माहीत आहे. जीप चालवणाऱ्याच्या पायांना तीस वर्षांत क्लच आणि ब्रेक एवढीच दोन गावं ठाऊक झालेली असतात. आम्ही झऱ्याकडच्या बांधाला पोचलो तोवर विळे थांबले होते. पण पात अर्ध्याहून जास्त आडवी झाली होती.

बाया मुरबाडकडच्या पाड्यावरच्या, अनंतानं आणलेल्या. तुझ्या लेकाला गोदामातून दोनच दिवसांची सुट्टी मिळाली होती आणि आपल्या पाड्यावरच्या बाया ज्याच्या त्याच्या शेतात. म्हणून परक्या बोलावल्या, आणि त्यांना सांगायचं राहिलं. कोण सांगणार? दरवर्षी ते सांगायचं काम तुझं असायचं. कापणीच्या सकाळी विळा टेकवायच्या आधी तू हात पसरून झऱ्याच्या बांधाला उभा राहायचास आणि म्हणायचास, “हितनं पलीकडं आपलं नाय.”

त्यांच्यातली एक म्हातारी विळा पाठीमागं लपवून उभी राहिली. म्हणाली, “आमाला वाटलं, घरचा मानूस गेला, हात कमी पडलं, म्हनून एवढी ऱ्हायली. गेलेल्या मानसाचं शेत अर्धं ठेवू नये, बरं नाय दिसत. आमचा रोज भरल्यावर कापली गो बाय. फुकट कापली.”

आता असल्या माणसावर रागवायचं तरी कसं? वहिनीनं किटली खाली ठेवली. आडव्या झालेल्या भाताकडं बघितलं. मग पेले मांडले आणि सगळ्यांना चहा ओतला. आणि मी, ज्याच्या तोंडाला शहापूर ते मुरबाड कुणाला झाकण बसवता आलं नाही, तो मी, हातातला रिकामा पेला धरून गप्प उभा राहिलो.

धाकू, तुला जाऊन बावीस दिवस झाले. तुझ्याबद्दल लिहायला बसलोय म्हणजे कधी नव्हे ते खरं लिहायला पाहिजे. पण हात सवयीचा आहे, एखाद्या वळणावर सुटेलच. तू आपला दहानं भागून घे, नेहमीसारखा. मी जीपमध्ये म्हणायचो, “आज बावीस पॅसिंजर, एक बकरी आणि एक फ्रीज घेऊन घाट चढलो,” तर तू मागच्या सीटवरून सावकाश म्हणायचास, “म्हंजे दोघं आन बकरी.” पॅसिंजर हसून हसून खाली पडायचे. पडायला जागा नसायची, तरी पडायचे.

हे लिहिलेलं तुझ्याशिवाय कुणी वाचलं तर त्याला कळावं म्हणून सांगतो, पात म्हणजे काय. कापणीला माणसं ओळीनं बसतात आणि ज्यानं त्यानं आपल्या पुढचा पट्टा कापत जायचं, तो पट्टा म्हणजे त्याची पात. तुझ्या शेतात सात माणसं बसली तर आठ पाती पडायच्या. आठवी कुणाचीच नाही. तुझ्या बापानं सोडली, त्याच्या बापानं सोडली. मार्गशीर्ष संपेपर्यंत ती तशीच उभी. मुनिया येऊन लोंब्यांना लटकायच्या, पोपट दंगा करायचे, खालून लावे सांडलेलं टिपायचे. शेवटी उरलेला पेंढा म्हशीला. कुणी विचारलं की याचा फायदा काय, तर तू विचार केल्यासारखं करायचास आणि म्हणायचास, “म्हैस खाते ना.”

आणि नुसती पातच होती असंही नाही. तुझी दीड एकराची ती चिंधी चैत्रात वरच्या टेकडीवरून बघितली की डोळ्यावर विश्वास बसायचा नाही. डोंगर भाजलेल्या पापडासारखे, साग नागवे, पाड्यावरच्या बाया हंडे घेऊन टँकरच्या वाटेकडं डोळे लावून, आणि मधे ही एवढीशी हिरवी जागा. झऱ्याचं पाणी आधी माणसांना, मग गुरांना. मग मातीच्या पाटानं वालाला, वांग्याला, मिरचीला. आणि पाट जिथं संपतो तिथं तू बांध घातला नव्हतास. तिथं पाणी पसरून एक उथळ डबकं व्हायचं, फार तर घोट्याएवढं. मी शंभरदा म्हटलं, “अरे सिमेंटचा पाट कर, पाणी वाया जातंय.” तू म्हणायचास, “कुठं जातंय? तितंच तर हाय.”

त्या डबक्यावर चैत्रात सकाळी कोण कोण असायचं. हळद्या, दयाळ, बुलबुल, तांबट, कोतवाल, खंड्या, होले. बाजूच्या शिंदीवर सुगरणींची घरटी. ताडी काढायला ती शिंदी मागणारे कमी नव्हते, पण तू कधी कुणाला चढू दिलं नाहीस. राब भाजायच्या आधी, म्हणजे रोपाच्या जागेवर पालापाचोळा आणि शेण पेटवायच्या आधी, तू काठी घेऊन त्या ढिगाभोवती फिरायचास आणि ठोकायचास. आत कुणी बसलं असेल तर त्यानं निघून जावं म्हणून. नांगरताना टिटवीची अंडी दिसली की बैल वळवायचास. तुझ्या शेतात मधेच न नांगरलेली गोल टिकली दिसायची, लोक म्हणायचे धाकूला डुलकी लागली. ऐनाच्या फांद्या राबासाठी तोडायचास, पण तीन झाडांतलं एक तसंच ठेवायचास. बांधावरचं गवत दिवाळीपर्यंत कापायचं नाही, आत मुनियांची पोरं. हे सगळं तू मुद्दाम करत होतास की तुला फक्त असंच येत होतं, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. विचारायचं राहिलं.

संध्याकाळच्या फेरीला तू रस्त्यावर यायचास आणि बोटांची पेरं मोजून सांगायचास, “आज एकतीस.” एकतीस जातींची पाखरं. मी पुढच्या वळणावर पॅसिंजरना सांगायचो, तीनशे दहा. मी सांगायचो की धाकूच्या शेतात बगळे इतके बसतात की खालची म्हैस सापडत नाही, ती ओरडल्यावर अंदाजानं दूध काढावं लागतं. मी सांगायचो की तुझे पोपट मुरबाडच्या बाजारातले मिरचीचे भाव ऐकून येतात आणि तुला फुकट सांगतात. लोकांना जीपमध्ये सीट नाही मिळाली तरी चालायची, पण धाकूची गोष्ट मिळाली पाहिजे. मी तुझ्यावर जगलो रे. तुला कळलं असेलच.

ती कॉलेजची मुलगी आठवते? गळ्यात दुर्बीण, पायात बूट, आणि तुझ्या बांधावर तीन दिवस बसून वहीत लिहीत होती. तिनं सांगितलं की वाळवंटात कुठं कुठं झरे असतात, त्याभोवती खजुराची झाडं, झाडांच्या सावलीत भाजी, भाजीच्या खाली चारा, आणि पाणी मातीच्या पाटानं. जिथं जुन्या पद्धतीनं शेती चालते तिथं पाखरांच्या खूप जाती टिकतात. जिथं नवी, सगळी एका रांगेतली, एकाच पिकाची शेती येते तिथं नुसत्या दोन-चार जाती राहतात. म्हणाली, “काका, तुमचं शेत तसंच आहे.” मी लगेच सांगितलं की मी वाळवंटात सहा वर्षं उंट चालवलाय. तू माझ्याकडं बघितलंस आणि तिला विचारलंस, “तितं पात सोडत्यात का?”

तिला माहीत नव्हतं. शोधून सांगते म्हणाली. गेली ती गेली.

पण तुला ते लागून राहिलं. माझ्या चुलतभावाचा पोरगा आखातात गाडी चालवतो, मी म्हटलं त्याला विचारतो. तू महिनाभर रोज विचारायचास, “सद्या, काय बोलला तो?” मी त्याला फोन केलाच नव्हता. आधी विसरलो, मग कळलं, त्याचा नंबर बदललाय. मग इतके दिवस झाले की खरं सांगायची लाज वाटायला लागली. एक दिवस स्टिअरिंगवर हात ठेवूनच म्हटलं, “विचारलं रे. सोडतात. दर झाडावरचा शेवटचा घड पाखरांचा. कुणी तोडला तर गावजेवण घालावं लागतं.”

तू म्हणालास, “शेवटचा म्हंजे वरचा का खालचा?”

“वरचा.”

“बराबर हाय,” तू म्हणालास. “खजूर म्हंजे आपल्या शिंदीची थोरली बहीन. वरच बसनार पाखरू.”

आणि त्या दिवशी तू दहानं भागलं नाहीस, धाकू. आयुष्यात पहिल्यांदा.

आता ते दुसरं. ते लिहायला हात येत नाही, पण लिहितो.

तीन वर्षांपूर्वी मार्गशीर्षात शहापूरच्या स्टँडवरून एक साहेब पुढच्या सीटवर बसले. पांढरा शर्ट, काळा चष्मा, घाम नाही. जमीन बघायला आले होते. म्हणाले, “या बाजूला पाणी कसं आहे?” आता असा प्रश्न माझ्यासारख्याला विचारायचा असतो का? मी त्यांना सांगितलं की आमच्या धाकूच्या झऱ्याला तळ नाही. चार खाटांच्या दोऱ्या बांधून सोडल्या, टेकल्या नाहीत. माझ्या आज्याचा तांब्या त्यात पडला तो भातसाच्या धरणात सापडला, नावासकट. मे महिन्यात हत्ती आंघोळ करतील. साहेब हसले नाहीत. त्यांनी फोनमध्ये काहीतरी टिपून घेतलं आणि तुझ्या वळणावर उतरले.

पावसाळ्याआधी तुझ्या वरची टेकडी त्यांची झाली. वर भिंत, भिंतीत गेट, गेटच्या आत निळ्या फरशीचा पोहायचा टँक. तीन बोअर मारल्या. मशीन चार दिवस घरघरत होतं आणि तुझ्या घरातली भांडी फळीवर सरकत होती. तू म्हणालास, “हत्ती आले वाटतं आंगोळीला.” मी हसलो. मला वाटलं, तू सहज बोललास.

पुढच्या चैत्रात झरा बसला. आधी पाट आटला, मग झऱ्याच्या तोंडची कुंडी. तू फावडं घेऊन खाली खाली जात होतास, कमरेएवढा खड्डा, मग छातीएवढा, आणि सकाळी तळाला तांब्याभर गढूळ पाणी. आपण अर्ज घेऊन शहापूरला तीनदा गेलो. पहिल्यांदा कचेरीतले साहेब जेवायला गेले होते. दुसऱ्यांदा बदलून गेले होते. तिसऱ्यांदा एका बाईनं नीट ऐकून घेतलं आणि सांगितलं की ज्याची जमीन त्याचं पाणी, पण अर्ज ठेवून जा. परतताना तू बोटांची पेरं मोजलीस आणि म्हणालास, “आज अकरा.” मी गाडीत ते कुणाला सांगितलं नाही. अकराचे एकशे दहा करायला तोंड उघडेना.

मग तू टँकरच्या पाण्यातली एक कळशी रोज त्या डबक्यात ओतायला लागलास आणि वहिनी तुझ्याशी भांडायला लागली. खरं तिचंच होतं. प्यायला पाणी नाही आणि हा गडी चिखलाला पाजतोय. मी तेव्हापासून जीपमध्ये दोन कॅन ठेवायला लागलो. शेणवा गावातल्या नळावर भरायचे आणि तुझ्या वळणावर उतरवायचे. म्हणायचो, “रेडिएटरसाठी भरलं होतं, उरलं.” दोन उन्हाळे रोज उरत होतं. तू कॅन उचलायचास आणि म्हणायचास, “तुझा रेडिएटर लय शाना हाय रं.” एवढंच. मी तुझ्याकडं बघायचो नाही, आरशात बघायचो. आरशात तू पाठमोरा, दोन्ही हातात कॅन, पाय चिखलाचे.

शंभर वेळा तोंडाशी आलं, धाकू, की तो साहेब मी आणला. शंभर वेळा, आणि हे भागून घेऊ नकोस. प्रत्येक वेळी मी त्याऐवजी दुसरी एखादी थाप मारली. मला मोठी मोठी खोटी सहज जमतात, एक बारकं खरं जमलं नाही.

मागच्या वर्षी अनंताशी तुझं वाजलं तेही मी ओट्यावर बसून ऐकलं. तो म्हणाला, “बाबा, झरा गेला, वाल गेला, पाखरां गेली, आता कोनासाठी सोडता पात? दोन मन भात हाय तितं.” तो वाईट नाही. तो रोज बारा तास खोके उचलतो, त्याला भात दिसतो. तू नखानं ओटा खरवडत बसलास. मग एकदम मान वर केलीस आणि म्हणालास, “पार वाळवंटात सोडत्यात. तितं तर थेंब नाय पडत. सदूला इचार.”

अनंतानं माझ्याकडं बघितलं. तू माझ्याकडं बघितलंस. मी म्हटलं, “वरचा घड.”

आणि पात उभी राहिली. गेल्या वर्षीही, आणि या वर्षी परवापर्यंत.

तू गेलास तेव्हा लोंब्या पिवळ्या पडायला लागल्या होत्या. कळ आली म्हणालास, बांधावर बसलास. मी जीप काढली. आपला रस्ता मी इतक्या वेगानं कधी कापला नाही. तरीही लांब पडला. तीस वर्षं मी सगळ्यांना सांगत आलो की शेणवा ते शहापूर मी डोळे मिटून बारा मिनिटांत नेतो. त्या दिवशी मला ते खरं करायचं होतं.

परवा बाया गेल्यावर मी आणि वहिनी बांधावर बसलो. अनंता भारे खळ्यावर नेत होता. जाताना म्हणाला, “काका, पुढल्या साली शेत लावाचं का नाय तेच बघाचंय,” आणि गेला. पातीतलं उरलं होतं चार हात भात, शिंदीच्या बाजूचं. आडवी झालेली लोंबी वहिनीनं उचलू दिली नाही. ती तिथंच पडून होती.

उन्हं उतरल्यावर मुनिया आल्या. आधी शिंदीवर बसल्या, मग खाली. मी तुझ्यासारखी बोटांची पेरं मोजली. एकदा मोजली, परत मोजली. नऊ. नऊच होत्या, धाकू. मग एक लावा बांधाखालून आला, इकडं तिकडं बघून परत गेला. मला वाटलं, तुला सांगायला पाहिजे. आणि मग काय वाटलं ते लिहीत नाही.

वहिनी भारे बांधायला पेंढ्याचा वेठ वळत होती. मी म्हटलं, “वहिनी, तो वरचा साहेब मी आणला. पाण्याचं मीच सांगितलं त्याला, गाडीत.”

तिनं वर बघितलं नाही. “म्हायती हाय.”

“धाकूला?”

“त्यालाबी. साहेब पयल्या दिवशी आला तवाच बोलला, जीपवाला सांगत व्हता तळ नाय म्हनून. दुसरा कोन असनार?”

“मग मला कधी बोलला कसा नाही तो?”

“बोलून पानी येनार व्हतं का?”

मुनिया खात होत्या. एवढं झालंच आहे तर सगळंच होऊन जाऊ दे म्हणून मी म्हटलं, “आणि ते खजुराच्या घडाचं. ते मी कुणाला विचारलंच नव्हतं, वहिनी. मनानं सांगितलं.”

तिनं वेठ गुडघ्याखाली धरून पीळ दिला आणि गाठ मारली.

“ते त्यो खरं धरून गेला,” ती म्हणाली.